चौदा महिने

"बाई, एवढी एकच सही राहिली आहे," असं म्हणून साहेबांनी पेनचं टोपण स्वतःच काढून दिलं, आणि त्या टोपण काढून देण्यानंच सगळं बिघडलं, असं तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. नुसता कागद पुढं सरकवला असता तर तिनं तो वाचला असता, दोन शंका काढल्या असत्या, कुरकुर केली असती आणि काय सांगावं, सही करूनही टाकली असती. पण उघडं पेन हातात आलं आणि तिला एकदम वाटलं, लहान मुलाला घास भरवताना आपण आधी स्वतःचंच तोंड उघडतो ना, तसं काहीतरी हा माणूस करतोय. तिची बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती. सकाळपासून शंभर रेग्युलेटर तिनं एकेक करून साच्यात बसवले होते, हवेचा नळ सोडला होता, टाकीच्या पाण्यात बुडवले होते आणि प्रत्येकासाठी तीसपर्यंत आकडे मोजले होते. बुडबुडा आला नाही तर पास, आला तर लाल ट्रेमध्ये. गेली पंधरा वर्षं ती हेच करत होती. उद्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरला बसणारी वस्तू गळते का, एवढंच पाहायचं. एरवी शंभरात एखादा निघायचा, कधी तोही नाही. आज सात निघाले होते. वॉशर नव्या पुरवठादाराकडून आले होते, स्वस्तातले, कडक, आणि त्यांना जळक्या रबराचा वास येत होता. ते सात तिनं लाल ट्रेमध्ये ठेवले होते. आता तो ट्रे रिकामा होता, आणि रिकामाच नव्हे, पुसून उभा करून ठेवलेला होता.

"साहेब, माझ्या शंभरात सात गळले."

"गळले असतील. बसवताना एखादा वाकडा बसतो. त्या दोघींच्यात एकही नाही." साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, उलट मायेचाच होता. "चार हजार नगांचा लॉट आहे. गाडी फाटकात उभी आहे. तुमची सही झाली की गाडी सुटली, आणि गाडी सुटली की आपण सगळे सुटलो."

तिनं त्या दोघींकडं पाहिलं. चष्मेवाली कोरडं टेबल पुन्हा पुसत होती. दुसरी, जिला सगळे नवी म्हणत, ती खिडकीकडं तोंड करून उभी होती, आणि तिथं पाहण्यासारखं काहीही नव्हतं. कागदावर तीन चौकटी होत्या. दोन भरलेल्या. बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं, त्याच्या थरथरीनं टाकीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. तेवढ्यात तिला "नाही" असं ऐकू आलं. आवाज तिचाच होता, पण मागं उभं राहून कुणीतरी बोलावं तसा, आणि ती जवळजवळ वळून पाहणार होती.

तसं पाहिलं तर 'नाही' हा शब्द तिच्या चांगला रोजच्या वापरातला. कारखान्यात कुणाचा वाढदिवस असो, सहल असो, निरोपसमारंभ असो, वर्गणीचं पाकीट तिच्यापाशी आलं की तसंच पुढं जायचं. म्हणून तर तिचं नाव मुंगी पडलं होतं. पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा तिला राग आला होता. नंतर तिनंच सांगून टाकलं होतं, मुंगी होऊन साखर खाल्लेली बरी, हत्ती होऊन लाकडं कोण फोडत बसेल! घरी तर विचारायलाच नको. मुलीला नाही, नवऱ्याला नाही, दुकानदाराला नाही, स्वतःला तर दिवसातून दहा वेळा नाही. पण ती सगळी 'नाही' खाली किंवा आडवी गेलेली होती, आपल्या माणसांना किंवा आपल्यासारख्यांना म्हटलेली. वर, आपल्याला पगार देणाऱ्याच्या तोंडाकडं पाहून म्हटलेली ही पहिलीच. आणि ती तोंडातून निघून गेल्यावर तिनं उघडं पेन कागदाशेजारी ठेवून दिलं.

साहेब खुर्ची ओढून बसले. "विचार करा बाई. घरात माणसं किती तुमच्या?"

"चार."

"मिळवती?"

"दोन." मग तिनं जोडलं, "उद्यापासून एक, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. पण ज्याला सही करायची नाही त्याला या खात्यात ठेवून मी करू काय? राजीनामा लिहायचा तर लिहा. नाहीतर घरी जा, नवऱ्याला विचारा, उद्या सकाळी सही करा. गाडी मी उभी ठेवतो एक रात्र. माझ्या जबाबदारीवर."

ती एक रात्रच सगळ्यात मोठी लबाडी होती, हे तिला तेव्हाच कळलं. रात्रभर घरातल्या माणसांची तोंडं पाहायची, गॅस, दूध, शाळा, भाडं डोक्यात फिरवायचं आणि सकाळी येऊन निमूट चौकट भरायची. तिच्या वडिलांना अशीच एक रात्र मिळाली होती. ते एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. लिफ्ट कुरकुरते म्हणून त्यांनी तीनदा सांगितलं होतं, आणि चौथ्यांदा सांगायच्या आत ती तिसऱ्या मजल्यावरून खाली आली, खाली दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा पाय घेऊन. मिस्त्री प्यालेला होता, असं लिहून मागितलं मालकानं. मिस्त्री चहासुद्धा बेतानं पिणारा माणूस. पण ते राहत होते ती खोली मालकाची, तीन महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि आई तेव्हा दिवस भरत आलेली. वडिलांनी सकाळी जाऊन लिहून दिलं. मिस्त्री त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा. त्यानंतर वडील घरी लांबच्या वाटेनं यायला लागले, शाळेला वळसा घालून, कोळशाच्या वखारीमागून. ती अकरा वर्षांची होती. एकदा त्यांच्याबरोबर येताना तिनं विचारलं, बाबा, इकडून का? तर म्हणाले, पाय मोकळे होतात. पाय या शब्दाशी ते अडखळले, आणि बराच वेळ चालून झाल्यावर, काही न विचारता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नाही म्हणायला पैसे लागतात गं पोरी." तिला त्या वेळी ते गणित कळलं नव्हतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टींत 'नाही' ही सगळ्यात वरची, असं तिला वाटायचं. घरात तीच तर सगळ्यात जास्त मिळायची.

"कागद द्या," ती म्हणाली. "राजीनाम्याला."

साहेबांचा चेहरा पडला नाही, नुसता थांबला. रडणं, हात जोडणं, नवऱ्याचं आजारपण, मुलीची फी, या सगळ्याची त्यांनी मनात सोय करून ठेवलेली असणार. कागद मात्र त्यांना शोधावा लागला. तो शोधेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट स्वच्छ, गार, टाकीच्या तळाशी दिसणाऱ्या नाण्यासारखी दिसत होती: चौदा महिने. दोघांचीही मिळकत उद्या बंद पडली तरी चार माणसांचं घर, आहे तसं, कुणाच्या दारात न जाता, चौदा महिने चालेल. बचतीचा हिशेब ती पैशांत कधीच करत नसे. पैशांचा आकडा ऐकला की माणसाला लगेच त्यात काय येईल ते दिसायला लागतं. ती दिवसांत मोजायची. दोन थांबे अलीकडं बसमधून उतरून चालत गेलं की महिन्याला एक दिवस. जुन्या छत्रीला नवं कापड लावलं, तीन दिवस. मुलीचा युनिफॉर्म नवऱ्यानं उसवून, मापं वाढवून, पुन्हा शिवला, सहा दिवस. संध्याकाळी उशिरा, दुकानं आवरती घेताना भाजी आणली की आठवड्याला अर्धा दिवस. असे पंधरा वर्षांत वेचलेले दिवस. कोणते कुठून आले ते बहुतेकांचं तिला आठवत होतं.

रस्त्यावर आली तेव्हा साडेचार वाजले होते, आणि ती चमकून उभी राहिली, कारण या वेळचा उजेड तिनं कितीतरी वर्षांत पाहिलाच नव्हता. रविवारी पाहिला असेल, पण रविवारचा उजेड वेगळा. हा कामाच्या दिवसाचा, दुसऱ्यांच्या मालकीचा उजेड. भिंतीवर तिरका पडलेला, पिवळसर. बँकेतून माणसं निघत होती, एक बाई मुलाला ओढत दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती, आणि तिला वाटलं की आपण काहीतरी चोरून पळतोय आणि कुणीही खांद्यावर हात ठेवील. बसमध्ये बसवेना. पायीच निघाली. काय केलंस तू हे, असं एक जण आत म्हणत होतं. त्या दोघींनी नाही का सही केली? चष्मेवालीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिची सही म्हणजे त्याचं औषध. नवीचे फ्लॅटचे हप्ते. तू काय मोठी शहाणी लागून गेलीस? आणि दुसरं कुणीतरी तितक्याच शांतपणे म्हणत होतं, शहाणी नाही, शूर तर नाहीच. तुझे बँकेत पैसे आहेत, बास. या विचारानं तिला बरं वाटायच्या ऐवजी हुरहुर लागली. म्हणजे बाबांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच? बाबा काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापाशी चौदा महिने नव्हते. चौदा दिवससुद्धा नव्हते. इतकी वर्षं तिच्या मनात वडिलांविषयी एक अढी होती, तिला कधी नाव दिलं नव्हतं पण ती होती, आणि चालता चालता, एका मोटार दुरुस्तीच्या दुकानासमोर, तेलकट फरशीवरून पाऊल सांभाळताना ती सुटली. डोळे भरून आले. दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, जपून, घसरतं तिथं." ती म्हणाली, "हो, हो," आणि हसली.

पण घर जवळ यायला लागलं तशी दुसरी एक गोष्ट मनात पुढं यायला लागली. मशीन. तिचा नवरा कपडे दुरुस्त करायच्या दुकानात कारागीर होता. कॉलर उलटवणं, चेन बदलणं, कमरेत सैल करणं, पाठीत घट्ट करणं. माणसं जाड होतात, बारीक होतात, पण कापड तेच ठेवायला पाहतात, यावर त्याचं पोट होतं. दोन वर्षांमागं एक भरतकामाचं मशीन विकायला निघालं होतं, जुनं पण चालू. घेतलं असतं तर घरीच स्वतःचं काम सुरू झालं असतं. त्यानं लग्नानंतर मागितलेली ती एकच मोठी गोष्ट. ती म्हणाली होती, अजून वेळ आलेली नाही. "कसली वेळ?" त्यानं विचारलं होतं, "तू कसल्या वेळेसाठी साठवतेस, ते एकदा सांग तरी." तिला सांगता आलं नव्हतं, कारण तिलाच ठाऊक नव्हतं. आजारपण, म्हातारपण, मुलीचं शिक्षण, असं काहीबाही ती बोलली होती. पंधरा दिवस तो कामापुरतं बोलत होता. मग एका रात्री जेवताना, तिची नक्कल न करता, साधेपणानं म्हणाला, "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असं लोक तुला म्हणतात. मी त्यांच्याशी भांडतो. मला भांडायला काहीतरी दे." ते वाक्य तिला जाऊबाईंच्या सगळ्या टोमण्यांहून जास्त लागलं होतं. जाऊबाईंचं काय, त्या चारचौघांत म्हणायच्या की ही उष्ट्या हातानं कावळा हाकलायची नाही, आणि परत जाताना तिच्याकडूनच गाडीभाडं मागून न्यायच्या. मुलीचंही तसंच. टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरून आतलं निपटून घेताना मुलीच्या मैत्रिणीनं पाहिलं, तेव्हा मुलगी दोन दिवस रडली होती. हे सगळं पचलं होतं. नवऱ्याचं ते एक वाक्य नव्हतं पचलं. आणि आता त्याच पैशांतून, त्याला न विचारता, तिनं भर दुपारी आपल्यासाठी एक 'नाही' विकत घेतली होती.

सासूबाई दारातच पालेभाजी निवडत बसल्या होत्या. "लवकर गं आज? ताप आहे का?"

"नाही."

"मग भांडलीस."

"कशावरून?"

"आजारी माणूस चपला अशा सरळ काढत नाही." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मला काही सांगू नकोस. त्याला येऊ दे. दोनदा सांगायला लागलीस की दुसऱ्यांदा रडशील."

तो साडेसातला आला. जेवायला बसेपर्यंत ती थांबली, आणि पहिला घास झाल्यावर सांगितलं. एका दमात, टाकी, वॉशर, सात बुडबुडे, पुसलेला लाल ट्रे, राजीनामा. मुलीनं घास हातातच धरला. तो मात्र जेवत राहिला. त्याचं चावणं तिला ऐकू येत होतं. मग तो पाणी प्याला.

"सही केली नाहीस?"

"नाही."

"दुसरी कुठली? कोऱ्या कागदावर वगैरे?"

"राजीनाम्यावर केली. तेवढीच."

त्यानं पेला खाली ठेवला. "मी मशीनसाठी मागितले तेव्हा तू म्हणालीस, अजून वेळ आलेली नाही."

"हो."

"ही ती वेळ का?"

तिनं खूप विचार केला. म्हणजे तिला तसं वाटलं. भाजीची वाफ काही तेवढ्यात विरली नव्हती. "वाटतंय खरं," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. आज कळलं."

"मग बरं झालं, मशीन घेतलं नाही." आणि त्यानं भाजीचं भांडं पुढं ओढलं. वाढून घेता घेता, जणू भांड्यालाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "आता भांडायला माझ्यापाशी आहे काहीतरी." सासूबाई म्हणाल्या, "जेवा आता. सत्याच्या बाजूला बसलं म्हणून अन्न काही गरम राहत नाही." मुलगी हसली, मग तोही. तीही हसायला गेली, आणि दुसऱ्यांदा सांगायची पाळी न येताच रडली.

पुढचे दिवस मात्र हसण्याचे नव्हते. सकाळी साडेपाचला डोळे आपोआप उघडत आणि हातांना काय करावं कळत नसे. बोटांच्या सुरकुत्या चार दिवसांत गेल्या. ती गुळगुळीत बोटं तिला परक्या बाईची वाटायची. तिनं पाच ठिकाणी अर्ज टाकले. एका ठिकाणी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? तिनं खरं सांगितलं आणि समोरच्या माणसानं पेन हळूच खाली ठेवलं. पण खरी भीती वेगळीच होती. पंधरा वर्षं जो आकडा फक्त वर चढलेला पाहिला होता तो आता उतरत होता. नवऱ्याची मिळकत चालू होती म्हणून रोज एक दिवस जात नव्हता, तीन दिवसांमागं एक जायचा; पण गेला की तिला अंगातून गेल्यासारखा कळायचा. एका दुपारी तिच्या लक्षात आलं की सासूबाईंनी दुपारचा चहा सोडलाय, काही न बोलता. ती चिडलीच. "आई, चहा प्यायचा. त्या चौदा महिन्यांत तुमचा चहा मी आधीच धरलाय. दोन वेळचा. साखरेसकट." सासूबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "आणि काय काय धरलंयस?" म्हणून त्यांनी विचारलं, आणि ती सांगत गेली. मुलीची वह्या-पुस्तकं, वर्षातून एक चपलांचा जोड प्रत्येकी, नवऱ्याचं वर्तमानपत्र, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल. सांगता सांगता तिचा आवाज स्थिर होत गेला. तिलाच प्रथम दिसलं की आपण नुसते पैसे साठवत नव्हतो. कुणाला काय लागतं ते पाहत होतो. कंजूष माणूस पैशाकडं बघतो. ती इतकी वर्षं या घरातल्या माणसांकडं बघत बसली होती, इतक्या बारकाईनं की सासूबाई तेल कोणत्या बोटानं लावतात तेही तिला ठाऊक होतं. "बघ बाई," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी आपली सगळ्यांना सांगत फिरले की सून हात आखडता घेते." त्यांनी चहा घेतला, आणि त्या दिवशी थोडी साखर जास्त मागून घेतली.

नवऱ्यानं दुकानातून काजं-बटणांचं काम घरी आणायला सुरुवात केली. ती काजं करायची. तीस आकडे मोजत बुडबुड्याची वाट पाहण्यात जी नजर तयार झाली होती ती सुईला उपयोगी पडली. तिचं काज मशीनच्या काजापेक्षा नेटकं येतं असं दुकानमालक म्हणाला. मुलगी शाळेतून आली की शेजारी बसून दोरे कापायची. एकदा मान खाली घालून म्हणाली, "आज वर्गात बाईंनी विचारलं, तुमच्या घरी कोण काय करतं. मी सांगितलं, माझी आई नोकरी सोडून आली." "एवढंच?" "नाही. का सोडली तेपण." त्या संध्याकाळी टूथपेस्टची नळी मुलीनंच चिरली, आणि उघड्या दारासमोर.

पाचव्या आठवड्यात चष्मेवाली आली. दारातच उभी राहून तिनं चष्मा काढला आणि पुसत राहिली, तेव्हा हिला कळलं की तिला आपल्याकडं नीट पाहायचं नाहीये. "आत ये," ही म्हणाली. "त्या कागदाबद्दल मी तुला काही विचारणार नाही. नवरा कसा आहे?" मग चष्मेवालीनं बसून सगळं सांगितलं. गाडी त्याच संध्याकाळी गेली होती. पण ज्यांनी माल घेतला त्यांच्या गोदामात उतरवून घेताना कुणीतरी चाळीस नग सहज उचलून पाण्यात घातले, आणि चारांतून बुडबुडे आले. एकही नग कुणाच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला नाही. सगळ्या पेट्या जशाच्या तशा परत. मालक स्वतः खात्यात आले. साहेबांनी सांगितलं, टेस्टिंगच्या बायकांनी पास केला, मी काय करणार? मालकांनी सह्यांची शीट मागवली. "तुझी चौकट मोकळी होती गं," चष्मेवाली म्हणाली. "त्यांच्या घाईत कुणाच्या लक्षातच नाही आलं ती भरायची. मालकांनी बोट ठेवलं तिच्यावर. म्हणाले, या बाईची सही का नाही? कुणी बोलेना. मग मी सांगितलं." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "एवढं तरी मी केलं." हिनं तिचा हात धरला. तो अजून पाण्यानं सुरकुतलेला होता.

त्यानंतर सहा दिवसांनी, गुरुवारी, साहेब तीन जिने चढून आले. धापा टाकत होते. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर काजांचे शर्ट रचलेले. ते तिनं घाई न करता उचलले. सासूबाई कोपऱ्यात झोपेचं सोंग घेऊन पडल्या. साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, उसवून शिवलेल्या पडद्याकडं पाहिलं, तिच्या हातातल्या सुईकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा सैलपणा आला. इथं काम सोपं आहे, असा सैलपणा. "झालं गेलं विसरून जाऊ बाई. मालकांनीच पाठवलंय. खात्याची मुख्य म्हणून या. पगार वाढवून. उद्यापासून."

"त्या दोघींचं काय?"

"त्यांना... कुणावर तरी कारवाई दाखवावी लागेल ना."

"त्यांना काढणार असाल तर मी येणार नाही. आणि लाल ट्रेला हात टेस्टिंगवाल्यांशिवाय कुणी लावायचा नाही. तुम्हीसुद्धा. हे मालकांना लेखी सांगा."

साहेबांनी मान हलवली. "सांगतो. करतील ते कबूल. मग उद्या येताय?"

"सोमवारी कळवते."

"सोमवारी?" त्यांना खरंच कळेना. त्यांनी पुन्हा त्या खोलीवरून नजर फिरवली, आणि या खेपेला ती नजर कुठंतरी अडखळली, जिथं दिसायला काहीच नव्हतं तिथं. "तुम्हाला... घाई नाही?"

"नाही," ती म्हणाली.

सोमवारी तिनं होकार कळवला. अटी लेखी आल्या, दोघी कामावर राहिल्या, आणि पुढं साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाचं पाकीट तिच्यापाशी आलं तसंच पुढं गेलं. हे सगळं लोकांना ठाऊक आहे, आणि सांगताना लोक इथंच थांबतात. पण तिला स्वतःला यातलं फारसं आठवत नाही. तिला आठवते ती गुरुवारची दुपार. साहेबांचे बूट जिन्यावरून खाली खाली जाताना ऐकू येत होते, आणि ते पुरते थांबायच्या आत सासूबाई टुणकन उठून बसल्या. "अगं, हो म्हणायचं ना लगेच! तो परत नाही आला तर?"

"तर नाही आला." स्वतःच्या आवाजातला हलकेपणा तिलाच नवा होता. सहा आठवड्यांत चौदा महिन्यांतले फक्त चौदा दिवस गेले होते. "उठा आई. बाहेर जाऊ."

"कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं."

तीन जिने उतरायला त्यांना बराच वेळ लागला, एकेक पायरी, सासूबाईंचा हात तिच्या दंडावर. रस्ता भरलेला होता. कामाचा दिवस, कामाची वेळ; प्रत्येक माणूस कुठंतरी उशीर झाल्यासारखा चाललेला, कुणी घड्याळ बघत, कुणी धावत्या बसला हात करत. त्या सगळ्यांच्या मधोमध त्या दोघी म्हातारीच्या चालीनं चालत होत्या. मागून येणारा एक जण चुकचुकला, दुसऱ्यानं "अहो बाई, जरा लवकर" म्हटलं. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, मनापासून हसली आणि पाऊल होतं त्याच संथपणे पुढं टाकलं. माणसं दोन्ही अंगांनी वाट काढून पुढं जात राहिली. ऊन पाठीवर होतं. "केवढा रुंद आहे गं हा फूटपाथ," सासूबाई म्हणाल्या. "मला कधी कळलंच नव्हतं."